भागाकाराचा पाठ झाला, पण मुलांना तो कळला का? त्याच तासाला कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय की, भागाकार शिकवून झाल्यावर वर्गाला ‘कळलं का?’ विचारलं तर सगळे ‘हो बाई’ म्हणतात. वहीतली गणितंही बरोबर असतात. आठवड्याने चाचणी घेतली की मात्र निम्म्या वर्गाचं चुकतं. वर्गात ४२ मुलं, बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू. एक मुलगा लेखी गणितं अचूक करतो, पण तोंडी विचारलं की गप्प बसतो. तास संपायच्या आत कुणाला समजलं, कुणाला नाही, हे कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचताना माझाच वर्ग डोळ्यांसमोर आला. सोलापुरात तिसरी-चौथीला शिकवून मला २७ वर्षं झाली, त्यातली ११ पूर्व भागात, विणकर आणि विडी कामगारांच्या मुलांमध्ये गेली. तुम्ही सांगता तसंच माझ्याही वर्गात व्हायचं, आणि बरीच वर्षं मी त्याचा दोष मुलांच्या सरावाला देत होते.

आधी ‘कळलं का?’ हा प्रश्न बंद करा. मुलं खोटं बोलत नाहीत. बाई इतका वेळ उभ्या राहून शिकवतायत, त्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं, एवढंच त्यांच्या मनात असतं. शिवाय ज्याला कळलेलं नाही, त्याला बऱ्याचदा तेही ठाऊक नसतं. फळ्यावर ८४ ÷ ४ समोर असताना वहीत ९६ ÷ ३ करणं अवघड नाही. भाग लावा, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या. हा क्रम हाताला बसला की चिन्हाचा अर्थ न कळताही उत्तर येतं. आठ दिवसांत क्रमातली एक पायरी विसरली की मुलाला ती स्वतःहून परत शोधता येत नाही, कारण आपण काय वाटतोय, कुणाला वाटतोय, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

म्हणून तपासायचा प्रश्न असा हवा, की पद्धत उतरवून त्याचं उत्तर येणार नाही आणि उत्तर चुकलं तर चुकीवरूनच कळेल की नेमकं काय अडलंय. पुढचं सगळं मी याच एका गोष्टीला धरून सांगते.

४२ मुलांत हे जमतं. त्यासाठी पाट्या लागतात. पाट्या नसतील तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला पांढरा कागद लावा, वरून जाड प्लॅस्टिक चिकटवा. स्केच पेनाने लिहिलेलं ओल्या फडक्याने पुसतं. प्रश्न सांगायचा, एक मिनिट पूर्ण शांतता, लिहून झालं की पाटी छातीशी उलटी धरायची आणि मी ‘वर’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. पंधरा सेकंदांत सगळा वर्ग वाचून होतो. हात वर करणाऱ्यांना विचारत बसलं तर रोज त्याच सात-आठ मुलांचं ऐकलं जातं. पाट्या वर असताना कोण बरोबर हे बोलायचं नाही, चेहराही बदलू द्यायचा नाही. मुलं बाईंच्या भुवया वाचतात आणि गुपचूप पाटी पुसतात.

माझा सर्वात लाडका प्रश्न आहे: ‘१८ ÷ ३ वर एक गोष्ट सांगा. उत्तर काढायचं नाही.’ ही गोष्ट बाकावरच्या जोडीदाराला सांगायची किंवा चिठ्ठीवर दोन ओळींत लिहायची. पहिल्यांदा हा प्रश्न विचाराल तेव्हा धक्का बसायची तयारी ठेवा. ‘माझ्याकडे १८ चॉकलेटं होती, ३ मित्राला दिली, किती राहिली?’ ही गोष्ट हमखास येते. ही वजाबाकी झाली. ‘३ डब्यांत १८-१८ लाडू’ हीही येते, तो गुणाकार. आणि ही सगळी मुलं १८ ÷ ३ = ६ हे वहीत बिनचूक लिहिणारी असतात.

एका वर्षी तिसरीतल्या एका मुलाने सांगितलं, ‘१८ बिस्किटं, आम्ही ३ भावंडं. दादाला ८, मला ५, ताईला ५.’ मी विचारलं, दादाला जास्त का रे? तो म्हणाला, ‘दादा टॉवेलच्या कारखान्यात जातो की बाई, त्याला भूक लागते.’ बेरीज बरोबर होती, घरातला न्यायही बरोबर होता. चूक माझ्या बोलण्यात होती. तासभर मी नुसतं ‘वाटणी, वाटणी’ म्हणत होते. घरात वाटणी भुकेप्रमाणे, वयाप्रमाणे होते. त्या दिवसापासून माझ्या तोंडात ‘वाटणी’ एकटी येत नाही, ‘सारखी वाटणी’च येते. आणि तपासताना मी एक असमान वाटणी मुद्दाम सांगते आणि विचारते, हा भागाकार आहे का?

ज्यांची गोष्ट बरोबर आली, त्यांच्यातही दोन तऱ्हा दिसतील. बहुतेक मुलं १८ वस्तू ३ मुलांना देतात. विणकरांच्या घरातली काही मुलं म्हणतात, १८ टॉवेल, ३-३ चा गठ्ठा, गठ्ठे किती? दोन्ही बरोबर. एकात ६ म्हणजे एकेकाच्या वाट्याच्या वस्तू, दुसऱ्यात ६ म्हणजे गठ्ठे. ज्याला एक तऱ्हा आली त्याच्याकडून दुसरी काढून घ्या, कारण पाचवी-सहावीच्या पुढे याचंच अडतं. २ लिटर दूध पाव लिटरच्या पेल्यांत ओतायचं झालं तर ‘पाव जणांना’ वाटता येत नाही. २ लिटरमध्ये पाव लिटर किती वेळा मावतं, असंच विचारावं लागतं. गठ्ठे बांधून पाहिलेल्या मुलाला ते लगेच उमजतं.

आता बाकीबद्दल. तुमच्या वर्गाचं दुखणं इथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तिसरीतली एक मुलगी, घरी तेलुगू. १७ चिंचोके ५ जणींना वाटायला दिले होते. तिने प्रत्येकीपुढे तीन-तीन ठेवले, तळहातावर दोन उरले. पाटीवर लिहिलं: भागाकार ३, बाकी ३. हातात दोन आणि पाटीवर तीन. मला वाटलं, मोजताना चुकली. मग २२ ÷ ४ दिलं, तर भागाकार ५, बाकी २. अगदी बरोबर. मी पुढे जाणार होते, पण सहज म्हणून १३ ÷ ४ दिलं. भागाकार ३, बाकी ३. आता मात्र मी खाली सतरंजीवर तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, ही बाकी कुठून आली गं? ती म्हणाली, ‘सगळ्यांना चार-चार द्यायला अजून तीन पाहिजेत की. तेवढी बाकी.’ ती किराणा दुकानातली बाकी सांगत होती. तेलुगूत ‘बाकी’ म्हणजे देणं, उधारी. आपल्या मराठी दुकानातही वहीवर ‘मागची बाकी’ लिहितातच. गणितातल्या उरलेल्या भागाला तेलुगूत ‘शेषम्’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘शेष’. ती मुलगी तिच्या अर्थाने प्रत्येक वेळी अचूक होती.

आणि २२ ÷ ४ का जुळलं? २२ मधून पाच-पाच दिल्यावर उरतात २ आणि सहा-सहा द्यायला कमी पडतात तेही २. उरलेलं आणि कमी पडणारं सारखंच, त्यामुळे चूक झाकली गेली. म्हणून बाकी तपासायला १० ÷ ४, २२ ÷ ४, ९ ÷ ६ असल्या जोड्या घेऊ नका. बाकी भाजकाच्या बरोबर निम्मी आली की काहीच कळत नाही. १७ ÷ ५, १३ ÷ ४, २३ ÷ ७ अशा घ्या. मी आता पहिले तीन-चार दिवस ‘उरले किती?’ एवढंच म्हणते. मग सांगते, या उरलेल्यांना गणितात बाकी म्हणतात, तेलुगूत शेषम्, कन्नडमध्ये शेष. मुलांचे चेहरे खुलतात.

भाषेचीच आणखी एक अडचण. ‘२० ला ५ ने भागा’ हे मुलांना जमतं. तेच उलटं सांगून पाहा: ‘५ ने २० ला भागा.’ पाट्या वर आल्या की ५ ÷ २० किती जणांनी लिहिलंय ते मोजा. जी मुलं आधी ऐकलेली संख्या आधी लिहितात, त्यांच्या कानापर्यंत ‘ला’ आणि ‘ने’ पोचलेलेच नसतात. घरी दुसरी भाषा असलेल्यांत हे जास्त दिसतं, पण मराठी घरांतली मुलंही सुटत नाहीत. ही भागाकाराची चूक धरू नका. दोन दिवस तोंडी खेळ घ्या: कोणाला वाटायचं, कशाला भागायचं. ‘भाज्य म्हणजे काय, भाजक म्हणजे काय’ असल्या व्याख्या विचारण्यात मात्र वेळ घालवू नका, त्यावरून काही कळत नाही.

चौथीला मी सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या ६८ लिंगांचं उदाहरण देते. संक्रांतीच्या यात्रेमुळे मुलांना ते ठाऊक असतं. एक कुटुंब रोज ८ लिंगांचं दर्शन घेतं, तर सगळी पूर्ण व्हायला किती दिवस? पाट्यांवर चार तऱ्हेची उत्तरं येतात: ‘८ बाकी ४’, ‘८ दिवस’, ‘९ दिवस’ आणि ‘१२ दिवस’. बारा कसे आले? ८ आणि ४ ची बेरीज. त्या मुलांना विचारा, बाकी ४ म्हणजे ४ काय? ते म्हणतात, दिवस. खरं तर ती चार लिंगं आहेत, दर्शनाची राहिलेली, त्यासाठी अजून एक दिवस लागणार. ‘बाकी कशाची?’ हा प्रश्न प्रत्येक शाब्दिक उदाहरणानंतर विचारायची सवय लावा.

त्यापुढची पायरी म्हणजे एकच भागाकार, वेगवेगळ्या गोष्टी. इथे मी २२ ÷ ४ च घेते, कारण आता वेगळं काही तपासायचं असतं. होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेतल्या, पाळण्यात एका डब्यात ४ जण बसतात, आपण २२ जण, सगळ्यांना एकदम बसायला डबे किती? ६. एक पेन ४ रुपयांना, २२ रुपयांत पेनं किती? ५. २२ गोट्या ४ जणांत, एकेकाला किती? ५, आणि २ उरल्या. २२ भाकऱ्या ४ जणांत? इथे कुणीतरी मागून ओरडतं, ‘साडेपाच!’ आणि सगळा वर्ग हसत-हसत मान्य करतो, कारण गोटी मोडत नाही, भाकरी मोडते. ज्या मुलाने चारही ठिकाणी ‘५ बाकी २’ लिहिलं, त्याला आकडेमोड येते पण गोष्टीकडे परत जाऊन पाहायची सवय नाही. त्याला पुन्हा भागाकार शिकवायची गरज नाही, फक्त ‘मग डब्यात बसायचे राहिले त्या दोघांचं काय?’ एवढं विचारा.

ताळ्यावर भरवसा ठेवताना जपून. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य, हे आपण पाठ करून घेतो आणि मुलांनी ताळा लिहिला की आपल्याला बरं वाटतं. पण एका मुलाने लिहिलं, ५० ÷ ६, भागाकार ७, बाकी ८. ताळा केला: ६ × ७ = ४२, ४२ + ८ = ५०. ताळा जुळला! तरी उत्तर चूक, कारण उरलेल्या ८ मधून प्रत्येकाला अजून एक-एक देता येतो. म्हणून मी थेट विचारते, ‘६ ने भागल्यावर बाकी ८ येऊ शकते का? का नाही?’ या ‘का’ला मुलाने ‘बाकी भाजकापेक्षा लहान असते’ हा नियम म्हणून दाखवला तर मी पुरे मानत नाही. ‘अजून एकेक देता येतं की बाई’ असं म्हणाला तर कळलं. उलटा प्रश्नही चांगला आहे: एका संख्येला ६ ने भागलं, भागाकार ७ आला, बाकी ४, तर ती संख्या कोणती? ४६ सांगणाऱ्याला ताळा खरंच कळलेला असतो.

चौथीतली सर्वात चिवट चूक म्हणजे भागाकारातलं शून्य. ४०८ ÷ ४ चं उत्तर मुलं १२ काढतात. पद्धत नीट करणारी मुलंसुद्धा इथे फसतात. दशकात काही नाही, ४ चा भाग जात नाही, म्हणून ती सरळ ८ खाली घेतात आणि शून्य लिहायचं राहतं. मी गणित सोडवायला देण्याआधी पाटीवर फक्त एवढंच लिहायला लावते: प्रत्येकाला १०० पेक्षा जास्त मिळतील की कमी? ज्यांनी ‘जास्त’ लिहिलं आणि तरी उत्तर १२ काढलं, त्यांना स्वतःच्याच दोन ओळींमधलं भांडण दिसतं. ज्यांनी ‘कमी’ लिहिलं, त्यांना नोटा द्या. शंभराच्या ४ खोट्या नोटा आणि रुपयाची ८ नाणी. आधी प्रत्येकाला एक शंभराची नोट. दहाची नोट वाटायला एकही नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य. मग दोन-दोन नाणी. १०२. हे हाताने केल्यावर ६१५ ÷ ३ द्या. त्याचं २५ आलं तर उद्या पुन्हा नोटा.

मुलाचं उत्तर चुकलं की आणखी एक शंका दूर करावी लागते: भागाकार अडलाय की पाढा? यासाठी पाढ्यांचा तक्ता हातात द्या आणि तेच गणित पुन्हा करायला सांगा. तक्ता पाहून बरोबर आलं तर त्याला भागाकार कळलाय, सात चोक अठ्ठावीस तेवढं पक्कं करायचंय. तक्ता असूनही अडला तर पाढे घोकून घेऊन काहीच साधणार नाही. कित्येक मुलांना आपण सहा-सहा महिने पाढ्यांच्या शिक्षेत ठेवतो आणि त्यांचं खरं अडलेलं वेगळंच असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं एका दिवशी करायचं नाही. तासाच्या शेवटची आठ मिनिटं ठेवायची, दोनच प्रश्न घ्यायचे, त्या दिवशी जे शिकवलं त्याचेच. शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर, नावासकट. मधल्या सुट्टीत त्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करते: कळलंय, अर्धवट, नाही. १० मिनिटं पुरतात. तिसऱ्या ढिगात १४-१५ चिठ्ठ्या असल्या तर दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घेते, वेगळ्या वस्तू घेऊन. पाच-सहा असल्या तर बाकीच्यांना गोष्टी लिहायला लावते आणि या पाच-सहांना घेऊन खाली चिंचोक्यांशी बसते. चिठ्ठ्या जपून ठेवा. २०१० पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या नोंदींवरून मूल्यमापन, आहे, तिसरी-चौथीला त्याला ६० गुणांचं वजन दिलं गेलं. तोंडी काम आणि प्रात्यक्षिक यांच्या नोंदी वर्षाअखेर आठवून भरण्यापेक्षा या चिठ्ठ्या समोर असल्या की नोंद खरी होते.

लोक ‘असर’च्या अहवालाचा दाखला देतात. २००५ पासून होणाऱ्या त्या पाहणीत ग्रामीण मुलांना घरी जाऊन तपासतात आणि गणिताची सर्वात वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मोठ्या संख्येने मुलं कुठवर आलीत हे पाहायला ते ठीक आहे. तुमच्या वर्गात मात्र तसलं एकच गणित देऊन थांबू नका, त्यावरून मूल अडलंय एवढंच कळेल, कुठे ते कळणार नाही.

आणि आठ दिवसांनी, काही न सांगता, त्याच तऱ्हेचा एक प्रश्न पुन्हा पाट्यांवर घ्या. त्या दिवशीचं बरोबर उत्तर बऱ्याचदा त्या दिवशीच्या आठवणीतलं असतं.

राहिला तुमचा तो गप्प बसणारा मुलगा. त्याला वर्गासमोर उभं करू नका. तो तेलुगू बोलत असेल तर त्याच्या शेजारी त्याच भाषेतला एक मित्र बसवा, मधे १७ चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘पाच जणांना सारखे वाट, आणि याला तुमच्या भाषेत सांग काय केलंस ते.’ तुम्ही फक्त त्याच्या हातांकडे पाहा. पाच ढीग करतो का, एकेक देत फिरतो की तीन-तीन उचलून ठेवतो, उरलेले दोन कुठे ठेवतो. मग मित्राला विचारा, हा काय म्हणाला? त्यातून जे दिसेल ते मला नक्की कळवा, विशेषतः त्या उरलेल्या दोन चिंचोक्यांना तो कोणता शब्द वापरतो ते.